जिथे बाई काम करते तिथली हवा

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'कामाच्या जागेचे आरोग्य, सुरक्षितता आणि बंद जागेतली हवा' असा विषय मला आज दिला आहे. विषयाचे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो. भोंगा, यंत्रे, डोक्यावर हेल्मेट घातलेले पुरुष. फार तर एखादे एअरकंडिशन्ड ऑफिस येते. पण इथे बसलेल्या किती जणींच्या डोळ्यांसमोर आपले स्वयंपाकघर आले? किती जणींना विड्या वळायची दहा बाय दहाची खोली आठवली?

मी डॉक्टर नाही. विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्त्यांमध्ये मी काम करते आणि शास्त्रज्ञांनी काय शोधून काढले आहे ते वाचून बायकांपर्यंत पोचवणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. ते करताना तीन प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतात. कामाची जागा कोणती हे कोण ठरवते? तिथली हवा कोणी मोजली? आणि मोजल्यावर पुढे काय झाले? या तीन प्रश्नांच्या आधाराने मी बोलणार आहे.

केसपेपरवरचा एक रकाना

सुरुवात एका इटालियन डॉक्टरपासून करते. बर्नार्डिनो रामाझिनी त्याचे नाव. १७०० साली त्याने कामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिले. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या शास्त्राची सुरुवात या पुस्तकापासून मानतात. रामाझिनीने आपल्या बरोबरीच्या डॉक्टरांना सांगितले, की रोग्याला जे प्रश्न विचारता त्यात आणखी एका प्रश्नाची भर घाला: तू काम काय करतोस? त्या पुस्तकात तंबाखूचे काम करणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे तंबाखूची धूळ माणसाला आजारी पाडते हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

आता आपल्याकडच्या दवाखान्यात या. विडी वळणारी बाई खोकला आणि चक्कर घेऊन जाते. केसपेपर लिहिणारा विचारतो, "काय करता?" ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." तो रकान्यात लिहितो 'गृहिणी'. दिवसाला हजार विड्या वळणारी, स्वयंपाक करणारी, पाणी भरणारी बाई सरकारी कागदावर काहीच करत नाही! मग तिचा खोकला कामामुळे आहे हे कोण म्हणणार? अशा एका बाईचा खोकला सोडून द्या, वस्तीतल्या शंभर बायकांचा खोकला एकत्र मोजायची सोयच राहत नाही. कारण कागदावर त्या शंभर जणी एका धंद्यातल्या नाहीतच.

हा रकाना लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्यावर काम करायचे आहे.

वखारीतली धूळ

निपाणीचे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहे. कर्नाटकात असले तरी ते आपल्या मराठी बोलणाऱ्या बायकांचे गाव. तिथल्या तंबाखूच्या वखारींमध्ये हजारो बायका काम करत. १९८०च्या सुमारास त्यांनी संघटना बांधली. त्या लढ्यावर 'युगांतर' या बायकांच्या चित्रपट गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. तो बघताना वखारीतल्या कामाचे स्वरूप कळते. पाला कुटायचा, चाळायचा, पोती भरायची, आणि हे सगळे तंबाखूच्या धुळीत बसून. ही धूळ नाकातोंडात जाते आणि कातडीतूनही निकोटिन शरीरात शिरते. तंबाखूला कधी तोंड न लावणाऱ्या बाईला त्यामुळे तंबाखू लागते.

हे नुसते म्हणणे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेत रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात विडी उद्योगातल्या कामगारांची तपासणी केली. विड्या वळणारे आणि तंबाखूवर प्रक्रिया करणारे असे दोन्ही प्रकारचे कामगार त्यात होते. निकोटिन शरीरात गेले की त्याचे कोटिनिन होते आणि ते लघवीत उतरते. ते मोजले. पेशींमधल्या गुणसूत्रांवर काय परिणाम होतो तेही पाहिले. प्रक्रियेचे काम करणाऱ्यांच्या गुणसूत्रांमध्ये बिघाडाचे प्रमाण जास्त आढळले. 'हातात धरलेल्या तंबाखूने काय होतेय?' असे मुकादम म्हणतो, त्याला हे उत्तर आहे.

या संशोधनात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हवेतली धूळ मोजायला यंत्र लागते, आणि वखारीत ते कुठे ठेवायचे हे मालकाच्या परवानगीवर अवलंबून असते. बाईच्या शरीरात काय शिरले हे तिची लघवी सांगते. तिथे मालकाची परवानगी लागत नाही. बाईची मात्र लागते, आणि तपासणीचा निष्कर्ष सगळ्यात आधी तिला कळला पाहिजे. आपल्या वस्तीत कोणी नमुने घ्यायला आले तर हा आपला पहिला प्रश्न असावा: निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोणत्या भाषेत सांगणार?

कारखाना घरात आला

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना त्याने कामगार मानले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. स्वच्छता, खेळती हवा, गर्दी यांविषयीची कलमेही त्यात होती. पण ही कलमे परवाना घेतलेल्या औद्योगिक जागेसाठी होती. मालकांनी काय केले? कारखान्याची जागा कमी केली आणि काम ठेकेदारामार्फत घरोघर वाटले. पाने आणि तंबाखू बाईच्या घरी, वळलेल्या विड्या परत कारखान्यात. छाट निघाली तर तोटा बाईचा. जागेचे भाडे नाही, दिव्याचे बिल नाही, आणि हवेची जबाबदारीही नाही.

खोकला कारखान्यातून घरात आला तो असा. घरात तर बाई एकटी नसते. तंबाखूचे सूप मांडीवर, शेजारी पाळणा, कोपऱ्यात चूल किंवा स्टोव्ह. भिजवलेली पाने सुकू नयेत म्हणून खिडकी लावलेली, पंखा बंद. पंखा लावला तर तंबाखू उडतो आणि उडालेला तंबाखू वजनात कमी भरतो, त्याचे पैसे कापले जातात. म्हणजे खेळती हवा हवी असेल तर बाईने मजुरी सोडायची. घरातली हवा वाईट का, याचे उत्तर 'अज्ञान' असे देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

सोलापुरात विडी कामगार बायकांनी लढून घरे मिळवली. गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीत दहा हजार घरे आहेत. २००६ साली ती बायकांच्या ताब्यात आली. ही आपल्या चळवळीची अभिमानाची गोष्ट आहे. आता पुढचा प्रश्न विचारायला हवा. घराचा नकाशा काढताना बाईच्या कामाला जागा कुठे असते? झोपायची खोली असते, स्वयंपाकाचा ओटा असतो. हवा येईल आणि पोराबाळांपासून लांब राहील अशी विड्या वळायची, शिवणाची, पापड लाटायची जागा नकाशात क्वचितच असते.

चुलीचा धूर

विडीची मजुरी निदान मिळते. चुलीपुढच्या कामाची तीही मिळत नाही. म्हणून तिथली हवा मोजायचे तर फार काळ कोणाच्या मनातही आले नाही.

१९५०च्या दशकात दिल्लीला डॉ. पद्मावती या हृदयरोगतज्ज्ञ होत्या. फुफ्फुसे खराब झाल्यामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होत जाते, असा एक आजार त्यांना बायकांमध्ये दिसू लागला. हा आजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. इथे बायकांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास होते, त्या वयानेही लहान होत्या, आणि बहुतेक जणी विडी-सिगारेट ओढत नव्हत्या. पद्मावतींनी बोट दाखवले ते चुलीच्या धुराकडे. रामाझिनीचा प्रश्न त्यांनी बायकांच्या बाबतीत विचारला, म्हणून उत्तर सापडले.

पुढे १९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी यंत्र गावाच्या चौकात किंवा घराच्या छपरावर ठेवले नाही. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रे लावली. बाईच्या नाकाशी जी हवा होती ती मोजली. एका घनमीटर हवेत धुळीचे आणि काजळीचे कण सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७००० मायक्रोग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली बारीक कणांसाठी दिलेली चोवीस तासांची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम. मोजायची पद्धत आणि कणांचा आकार वेगळा असल्यामुळे या दोन आकड्यांचा सरळ भागाकार करता येत नाही. तरी अंदाज यायला एवढे पुरे आहे.

यंत्र कुठे ठेवले यावर उत्तर अवलंबून असते, हे या अभ्यासाने शिकवले. शहरातल्या चौकात हवा मोजली की मोटारींचा धूर दिसतो. बाईच्या पदराला यंत्र लावले की चूल दिसते.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. दम लागण्याचा जो कायमचा आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो धूम्रपान न करणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणात होतो असे त्यांनी दाखवले. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी, असा हिशेब त्यांनी मांडला. आपल्या गावातल्या म्हातारीला 'दमा' म्हणून सोडून देतात, त्या दम्यामागे चाळीस वर्षांची चूल असू शकते.

'त्यांच्या मनाचे खेळ'

बायकांनी आजार सांगितला की तो मनाचा खेळ ठरवायची पद्धत फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतले उदाहरण सांगते. १९७३च्या तेलटंचाईनंतर तिथे वीज वाचवण्यासाठी बंद खिडक्यांची ऑफिसे झाली आणि बाहेरून आत घ्यायच्या हवेचे प्रमाण कमी केले गेले. टायपिस्ट, कारकून, टेलिफोनवर काम करणाऱ्या, बहुतेक सगळ्या बायका, डोकेदुखी, घसा जळणे, चक्कर अशा तक्रारी करू लागल्या. त्या काळात काही सरकारी संशोधकांनी कामाच्या ठिकाणच्या अशा आजारांना 'सामूहिक मनोजन्य आजार' असे नाव दिले. म्हणजे एकीने म्हटले म्हणून दुसरीला झाले.

बायकांनी ऐकून घेतले नाही. ऑफिसात काम करणाऱ्या बायकांच्या संघटना १९७०च्या दशकात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी प्रश्नावल्या काढल्या, कोणाला कुठे बसल्यावर काय होते ते लिहून काढले. १९८७-८८ साली तर वॉशिंग्टनला खुद्द पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात नवे गालिचे घातल्यावर अनेक कर्मचारी आजारी पडले. जगाला स्वच्छ हवा शिकवणाऱ्यांच्या घरातच हे झाले, तेव्हा मनाचे खेळ म्हणणे अवघड झाले. १९८९ साली तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने इमारतींमध्ये माणशी आत घ्यायच्या ताज्या हवेचे किमान प्रमाण मिनिटाला ५ घनफुटांवरून १५ घनफूट केले. खिडकी उघडण्यासारखी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी आधी बायकांवर विश्वास ठेवावा लागला.

संशोधन नेहमी आपल्या सोयीचे उत्तर देत नाही

आता एक अवघड गोष्ट बोलते, कारण कार्यकर्त्यांनी ती समजून घेतली पाहिजे. धूर वाईट, मग चूल बदलली की आजार गेला, असे आपण सभेत सांगतो. संशोधन इतके सरळ नाही.

ग्वाटेमालात काही घरांना धुराडे असलेली चूल देऊन आणि काहींना उघड्या चुलीवर ठेवून कर्क स्मिथ यांच्याच गटाने तुलना केली. २०११ साली निष्कर्ष आले. धुराड्यामुळे धुराशी येणारा संबंध निम्म्यावर आला, तरी डॉक्टरांनी ठरवलेला मुलांचा न्यूमोनिया खात्रीने म्हणता येईल इतका घटला नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला. पुढे भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३२०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला. भारतातली गावे तमिळनाडूची होती. निम्म्या बायकांना गॅस आणि सिलिंडर फुकट दिले. त्यांच्या नाकाशी असणारे बारीक कण बरेच कमी होऊन घनमीटरमागे सुमारे ३५ मायक्रोग्रॅमवर आले. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

यावरून 'धुराने काही होत नाही' असे कोणी सांगू लागेल, तर ते खोटे आहे. मला यातून वेगळे दिसते. बाई लहानपणापासून धुरात वाढते, कमी खाते, रक्त कमी असते, जड कामे करते. तिच्या गरोदरपणात काही महिने गॅस दिला म्हणून मागचे सगळे भरून निघावे, ही अपेक्षाच मोठी आहे. आणि ३५ म्हणजे तरी काय? १५च्या मर्यादेच्या ते दुपटीहून जास्त आहे. शेजारच्या घरची चूल, रस्ता, जाळलेला कचरा यांचा धूर आपल्या घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे दहा कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. बायकांच्या नावावर जोडणी आली हे चांगले झाले. पण दुसरा, तिसरा सिलिंडर भरायला पैसे नसले की गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर, हे आपण घरोघर पाहतो. म्हणून चुलीचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून तोडता येत नाही.

आपण काय करायचे

इटलीतल्या कामगारांनी १९६०-७०च्या दशकांत एक पद्धत तयार केली. ट्युरिनच्या मोटार कारखान्यांतले कामगार आणि इव्हार ओद्दोने हे डॉक्टर त्यात होते. त्यांचे पहिले सूत्र असे, की आपले आरोग्य दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायचे नाही. एकाच जागी एकच काम करणाऱ्यांनी एकत्र बसायचे, जागेचा नकाशा काढायचा, धोका कुठे आहे तो दाखवायचा, आणि सगळ्यांच्या अनुभवाला पटले ते खरे मानून पुढे तज्ज्ञाला बोलवायचे. १९७०च्या तिथल्या कामगार कायद्यात आपल्या प्रतिनिधींमार्फत सुरक्षिततेवर देखरेख करण्याचा हक्क आला.

ही पद्धत आपल्याला सहज जमेल. विड्या वळणाऱ्या दहाबारा जणी एकत्र बसा. मोठ्या कागदावर बाईचे चित्र काढा आणि जिला जिथे दुखते तिथे तिने टिकली लावावी. खोकला असेल तर छातीवर, चक्कर असेल तर डोक्यावर, पाठ, बोटे, डोळे. लिहितावाचता न येणारी बाईही हे करू शकते. 'मलाच होतंय' असे वाटणाऱ्या बाईला शेजारणीची टिकली त्याच जागी दिसते, तेव्हा बोलणे बदलते. दुसऱ्या कागदावर खोलीचा नकाशा: चूल कुठे, खिडकी कुठे, तंबाखू कुठे, मूल कुठे झोपते. त्यातले आपल्या हातात असलेले बदल आपण लगेच करू. राहिलेले ठेकेदार, नगरपालिका आणि सरकार यांच्याकडे मागू.

मागायचे काय, तेही सांगते. जुने कामगार कायदे जाऊन नव्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. कारखाना म्हणवून घ्यायला पूर्वी विजेवर चालणाऱ्या जागेत १० आणि विजेशिवाय २० कामगार पुरत. आता ते २० आणि ४० लागतात. म्हणजे लहान वर्कशॉपातल्या अनेक बायका कारखान्याच्या नियमांबाहेर गेल्या. घरी बसून काम करणाऱ्यांचा उल्लेख सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहे. तो उल्लेख घरातल्या हवेपर्यंत नेणे हे आपले काम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली गृहकामाविषयीचा करार केला. घरी केलेल्या कामालाही सुरक्षितता आणि आरोग्याचे कायदे लागू व्हावेत असे त्यात म्हटले आहे. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही. ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात असावी.

आणि तो रकाना. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून सांगावे, की बाईच्या केसपेपरवर 'गृहिणी' एवढेच लिहू नका. ती विड्या वळते, किती वर्षे, किती तास, चुलीवर स्वयंपाक करते की गॅसवर, एवढ्या चार गोष्टी लिहा. त्याचबरोबर वस्तीतल्या बायकांनाही तयार करा. "काय करता?" असे विचारले, की "काही नाही" हे उत्तर कोणी द्यायचे नाही. "विड्या वळते, बावीस वर्षं झाली" असे सांगायचे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या भागातले दहा केसपेपर बघून यावे आणि त्या रकान्यात काय लिहिले आहे ते सांगावे. तिथून आपण मोजणीला सुरुवात करू.